शिकागोच्या बागांमधलं फुकट संगीत: नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

शिकागोत किंवा नेपरव्हिल, शॉमबर्ग, ऑरोरा अशा उपनगरांत तुम्ही नुकतेच राहायला आला असाल, तर पहिल्याच उन्हाळ्यात एक गोष्ट नक्की करा. संध्याकाळी डबा आणि सतरंजी घेऊन मिलेनियम पार्कमध्ये जा आणि पूर्ण वाद्यवृंदाची मैफल ऐका. तिकीट लागत नाही, नाव नोंदवावं लागत नाही, शेवटी झोळी घेऊनही कुणी फिरत नाही. भारतातून आई-बाबा दोन-तीन महिन्यांसाठी आले असतील आणि घरात कंटाळले असतील, तर मग जायलाच हवं.

अनेक जण 'फुकट आहे म्हणजे हौशी मंडळींचं काहीतरी असेल' असं समजून पहिली दोन-तीन वर्षं जातच नाहीत. तसं अजिबात नाही. इथे वाजवणारे व्यावसायिक कलाकार आहेत, आणि फुकट ऐकवण्यामागे या शहराचा मोठा इतिहास आहे. 1836 च्या एका नकाशावर मिशिगन सरोवरालगतची जमीन 'कायम मोकळी, इमारतींविना राहील' अशी नोंद होती. पुढे माँटगोमेरी वॉर्ड या व्यापाऱ्याने त्या नोंदीच्या आधारावर वर्षानुवर्षं कोर्टात लढून ती जागा, म्हणजे आजचं ग्रँट पार्क, बांधकामांपासून वाचवली. 1935 साली, महामंदीत वादकांच्या हाताला काम नव्हतं, तेव्हा त्यांच्या संघटनेचे प्रमुख जेम्स पेट्रिलो यांच्या पुढाकाराने याच ग्रँट पार्कात फुकट मैफली सुरू झाल्या. त्याच परंपरेतला ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल आजही दर उन्हाळ्यात होतो. त्यामुळे तिथे संकोचून बसू नका. ती जागा सगळ्यांसाठीच राखलेली आहे.

1. फुकट काय आणि तिकिटाचं काय, ते आधी ओळखा

नव्या माणसाचा पहिला गोंधळ नावांचा होतो. ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल हा ग्रँट पार्कच्या वायव्य कोपऱ्यातल्या मिलेनियम पार्कमध्ये, 'जे प्रिट्झकर पॅव्हेलियन' नावाच्या खुल्या मंचावर होतो. फोनच्या नकाशात नुसतं 'ग्रँट पार्क' टाकलंत तर भलत्याच टोकाला, बकिंगहॅम कारंज्याकडे पोहोचाल आणि म्हाताऱ्या माणसांना उन्हात परत चालवत आणावं लागेल. नकाशात पॅव्हेलियनचंच नाव टाका. पत्ता आहे 201 ईस्ट रँडॉल्फ स्ट्रीट.

दुसरा गोंधळ रविनियाचा. हायलंड पार्क या उपनगरातलं रविनिया हे मोकळ्या हवेतलं मैफलींचं ठिकाण सुंदर आहे, तिथेही लोक हिरवळीवर डबे घेऊन बसतात, पण तिथे हिरवळीलाही तिकीट असतं. जुलैअखेर-ऑगस्टच्या सुरुवातीला ग्रँट पार्कमध्ये भरणारा लोलापलूझा हा रॉक-पॉपचा महोत्सवसुद्धा तिकिटाचा, आणि चांगलाच महाग. त्या दिवसांत आसपासचे रस्ते बंद असतात, गाड्यांना तुफान गर्दी असते आणि फुकट मैफलींची जागाही बदलू शकते. आई-बाबांना घेऊन जायला तो आठवडा टाळा.

फुकट असलेल्या मुख्य गोष्टी अशा:

- ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल: जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. साधारणपणे बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, शनिवारी साडेसातला. पाश्चात्त्य शास्त्रीय वाद्यवृंद आणि समूहगान.
- शिकागो ब्लूज फेस्टिव्हल: जूनमध्ये. 1984 पासून.
- शिकागो जॅझ फेस्टिव्हल: लेबर डेच्या सुट्टीला जोडून, म्हणजे ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरची सुरुवात. 1979 पासून.
- मिलेनियम पार्कच्याच उन्हाळी मालिका: काही संध्याकाळी पॉप, लॅटिन, आफ्रिकी संगीत, तर काही संध्याकाळी मोठ्या पडद्यावर सिनेमा.
- समरडान्स: आधी तासभर नाच शिकवतात, मग जिवंत बँडवर सगळे नाचतात. साल्सा, स्विंग, काहीही असतं. येत नसलं तरी बिनधास्त उतरा, निम्मे लोक पहिल्यांदाच आलेले असतात.

2. वेळापत्रक त्याच आठवड्यात पुन्हा तपासा

पूर्ण मोसमाचा कार्यक्रम उन्हाळ्याच्या बराच आधी जाहीर होतो. तेव्हाच तारखा घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, म्हणजे आई-बाबांची विमानाची तिकिटं काढतानाही उपयोग होतो. पण जायच्या दोन दिवस आधी महोत्सवाच्या आणि मिलेनियम पार्कच्या अधिकृत पानावर पुन्हा नजर टाका. वेळ, जागा, खाण्यापिण्याचे नियम कार्यक्रमागणिक बदलतात. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या गेल्या वर्षीच्या पोस्टरवर विसंबू नका. दर जूनमध्ये ती पोस्टरं नव्याने फिरतात आणि त्यावरची तारीख कुणी पाहत नाही.

3. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं फारशी लागत नाहीत, पण एक नियम घरातल्या मोठ्या मुलांसाठी महत्त्वाचा आहे. 2022 पासून मिलेनियम पार्कमध्ये गुरुवार ते रविवार संध्याकाळी सहानंतर 18 वर्षांखालच्या मुलांना एकट्याने थांबता येत नाही, सोबत 21 वर्षांवरची जबाबदार व्यक्ती लागते. 'मित्रांबरोबर जातो' म्हणणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला हे आधी सांगा, नाहीतर शुक्रवारच्या मैफलीला गेटवरून परत यावं लागेल.

- मोठ्यांचं फोटो ओळखपत्र. पाहुण्यांचा पासपोर्ट मूळ प्रत बाळगण्याऐवजी फोनमध्ये फोटो काढून ठेवलेला बरा.
- बस-रेल्वेच्या तिकिटांसाठी व्हेंट्रा अॅप किंवा कार्ड. मेट्रा या उपनगरी रेल्वेची तिकिटं अॅपमध्ये आधीच काढून ठेवा.
- जाड सतरंजी, आणि जमिनीवर बसता येत नसेल त्यांच्यासाठी बुटकी घडीची खुर्ची. उंच खुर्ची घेतलीत तर मागच्यांना दिसत नाही आणि ते तसं सांगतात.
- स्वेटर किंवा शाल, जुलैमध्येसुद्धा. दुपारी घामाने निथळत असता, आणि सूर्य उतरला की सरोवरावरून असा वारा सुटतो की मुंबईहून आलेली माणसं कुडकुडतात. हवामानाच्या बातम्यांत 'सरोवराजवळ गार' असं रोज सांगतात, ते खरंच असतं.
- पाणी, डासांचं मलम, कचऱ्यासाठी एक पिशवी.
- लहान मुलांचे कपड्यांचे दोन जोड. क्राउन फाउंटन पॅव्हेलियनपासून पाच मिनिटांवर आहे. काचेच्या विटांच्या मनोऱ्यावर माणसांचे चेहरे दिसतात आणि त्यांच्या तोंडातून पाणी पडतं. ते पाहून कुठलंही मूल कोरडं राहत नाही.

गेटवर पिशव्या तपासतात. बारीक सुरी, शेगडी, तंबू, पाळीव प्राणी घरीच ठेवा. फळं घरूनच चिरून न्या.

4. पोहोचायचं कसं

शहरात राहत असाल तर सीटीए या शहरातल्या बस-रेल्वे सेवेच्या रेड किंवा ब्लू लाइनने मध्य भागात उतरा, किंवा मध्य भागाला वळसा घालणाऱ्या 'लूप' या उंचावरच्या रेल्वेमार्गावरच्या वॉशिंग्टन-वॉबॅश स्टेशनवर. तिथून पार्क अगदी दोन चौकांवर आहे. सात वर्षांखालच्या मुलांना सीटीएचं तिकीट लागत नाही.

उपनगरातून येणाऱ्यांनी मेट्राच धरावी. नेपरव्हिल-ऑरोराकडून बीएनएसएफ लाइन, शॉमबर्गकडून मिलवॉकी डिस्ट्रिक्ट वेस्ट, दोन्ही युनियन स्टेशनला येतात. तिथून पार्क मैलभरापेक्षा थोडं जास्त, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटांची चाल. गुडघेदुखी असणाऱ्यांनी बस घ्यावी. हे अंतर पहिल्यांदा जाणारे हिशोबात धरत नाहीत, आणि मग साडेसहाची सुरुवात चुकते.

परतीची गाडी कुठली धरायची, ते जातानाच ठरवा. शनिवारी रात्री गाड्या तुरळक असतात. एक चुकली तर पुढची तासाभराने, कधी त्याहून उशिरा. शेवटच्या तुकड्याला उठून पळायचं नसेल, तर मैफल संपल्यावर किमान पाऊण तासाने सुटणारी गाडी धरा.

गाडीनेच यायचं असेल तर पार्कच्या खालीच वाहनतळ आहे. खरं तर अख्खं मिलेनियम पार्क हे रेल्वेमार्ग आणि वाहनतळांच्या छतावर उभं केलेलं आहे. जागा ऑनलाइन आधी राखली तर बरीच स्वस्त पडते. ऐनवेळी आत शिरलात तर 'फुकट' मैफल चांगलीच महाग पडेल.

लवकर पोहोचलात तर आई-बाबांना दोन गोष्टी दाखवा. आरशासारखं चमकणारं 'क्लाउड गेट', ज्याला सगळे 'बीन' म्हणतात, ते घडवणारे अनिश कपूर 1954 साली मुंबईत जन्मले. आणि मिशिगन अॅव्हेन्यूवर पाच मिनिटं दक्षिणेला आर्ट इन्स्टिट्यूट आहे. 1893 च्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद याच इमारतीत बोलले. समोरच्या रस्त्यावर त्यांच्या नावाची पाटी आहे. तिथे फोटो काढल्याशिवाय कुणाचेच बाबा पुढे सरकत नाहीत, तेवढा वेळ हाताशी ठेवा.

5. कुठे बसायचं

पॅव्हेलियनमध्ये सुमारे 4,000 पक्क्या खुर्च्या आहेत आणि मागच्या हिरवळीवर आणखी 7,000 माणसं मावतात. म्युझिक फेस्टिव्हलच्या वेळी खुर्च्यांचा पुढचा भाग सदस्यांसाठी राखीव असतो. एका रात्रीपुरते पासही विकतात. संकेतस्थळावर किंमत दिसते ती या पुढच्या खुर्च्यांची. ती पाहून 'अरे, हे तर विकतचं' म्हणून परत फिरू नका. मागच्या खुर्च्या आणि पूर्ण हिरवळ फुकट आहे, जो आधी येईल त्याची जागा.

पाठदुखी-गुडघेदुखी असेल त्यांना खुर्चीवर बसवा, बाकीच्यांनी हिरवळीवर पसरा. चाकाची खुर्ची किंवा काठी असेल तर स्वयंसेवकांना सरळ विचारा, त्यासाठी वेगळ्या जागा आहेत आणि ते हाताला धरून नेतात. साध्या बुधवारी तासभर आधी गेलात तरी चांगली जागा मिळते. ब्लूज फेस्टिव्हलला किंवा 4 जुलैच्या आसपासच्या मैफलीला मात्र दोन तास आधी पोहोचा.

हिरवळीवर बसल्यावर वर पाहा. पोलादी नळ्यांची प्रचंड जाळी डोक्यावरून गेलेली आहे. वास्तुरचनाकार फ्रँक गेरी यांनी ही जाळी नुसती शोभेला ठेवलेली नाही, तिला ध्वनिक्षेपक टांगलेले आहेत. मंचावरचा आवाज मागे पोहोचायला जेवढा क्षणांश लागतो, तेवढाच उशीर मागच्या ध्वनिक्षेपकांना दिलेला असतो. त्यामुळे आवाज डोक्यावरून आदळत नाही, समोरच्या मंचावरूनच आल्यासारखा वाटतो. आपल्याकडच्या मैदानातल्या कार्यक्रमांत ध्वनिक्षेपकाजवळ बसून कान बधिर झालेल्यांना हा फरक पहिल्या पाच मिनिटांत कळतो. जाळीच्या कक्षेबाहेर, अगदी कडेला बसू नका. तिथे ही गंमत निघून जाते.

6. डबा

घरचा डबा चालतो, आणि हिरवळीवर जवळजवळ प्रत्येक जण आणतो. तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या-चटणी, कोथिंबीर वडी, दही-भात हे सगळं उत्तम. भेळ न्यायची असेल तर चटण्या वेगळ्या डब्यांत न्या आणि पहिला सूर लागायच्या आत कालवून संपवा. चिवड्याच्या प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज मंद सुरांच्या वेळी दहा सतरंज्या पलीकडे जातो, म्हणून चिवडाही डब्यात.

शेजारची मंडळी 'काय आहे हे?' विचारतातच. दोन पुऱ्या जास्त न्या.

मद्याबाबत नियम कार्यक्रमावर ठरतो. वाद्यवृंदाच्या मैफलीला लोक वाइन घेऊन येतात, पण ब्लूज किंवा जॅझसारख्या मोठ्या महोत्सवांत बाहेरचं सहसा आत नेता येत नाही. त्या दिवसाचा नियम वाचून ठरवा.

7. दाद कधी द्यायची

आपल्या कानांना याचा सराव नसतो, म्हणून नीट सांगतो. वाद्यवृंदाची रचना बहुतेक वेळा तीन-चार भागांची असते. एक भाग संपला की दोन-चार सेकंद शांतता होते. तिथे टाळ्या वाजवायच्या नाहीत, पूर्ण रचना संपल्यावर वाजवायच्या. खात्री नसेल तर संचालकाचे हात पाहा. हात पूर्ण खाली आले आणि तो श्रोत्यांकडे वळला, की टाळ्या. मध्येच 'वाहवा' म्हणायचा मोह आवरावा लागतो.

जॅझमध्ये उलट. एकेका वादकाचा एकल तुकडा संपला की लगेच, संगीत चालू असतानाच टाळ्या पडतात. तबलजीचा तुकडा समेवर आला की आपण जशी दाद देतो, तसंच ते आहे. आपल्या मैफलींत मुरलेल्या माणसाला जॅझ म्हणूनच लवकर भिडतो. आराखडा ठरलेला, बाकी सगळं त्या क्षणी सुचलेलं. ब्लूजला तर ओरडा, उठून नाचा, गायकाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्या. तिथे गप्प बसलेला श्रोताच परका वाटतो.

आई-बाबांना पहिल्यांदा नेताना कुठली मैफल निवडायची, हे मला बरेच जण विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: समूहगान असलेली वाद्यवृंदाची संध्याकाळ निवडा. नुसत्या वाद्यांच्या लांब रचनेत नवख्या माणसाचं लक्ष भटकतं. माणसांचे शंभरएक आवाज एकत्र उठले, की भाषा कळो न कळो, अंगावर काटा येतो.

8. दुपारची तालीम चुकवू नका

ही या लेखातली सर्वांत कामाची माहिती समजा. मैफलींच्या आठवड्यात वाद्यवृंद दिवसा पॅव्हेलियनमध्येच तालीम करतो, आणि ती कुणालाही बसून ऐकता येते. गर्दी नसते, पुढच्या खुर्च्या मोकळ्या असतात. निवृत्त आई-बाबांना, उन्हाळी सुट्टीतल्या मुलांना आणि रात्रीचा प्रवास नको असणाऱ्यांना याहून चांगलं काही नाही.

माझे वडील हार्मोनियम वाजवतात. पाश्चात्त्य संगीत त्यांनी आयुष्यात कधी लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. तालमीत संचालकाने व्हायोलिनवाल्यांना थांबवलं, चार मात्रांची एकच ओळ पुन्हा घ्यायला लावली, मग फक्त मागच्या रांगेला, मग सगळ्यांना मिळून, आणि प्रत्येक वेळी शेवटचा सूर किंचित आधी सोडायला सांगितलं. बाबा पुढे वाकून हाताने मात्रा मोजत होते. त्यांना शब्द कळत नव्हते, पण काय दुरुस्त होतंय ते मला त्यांनीच समजावून सांगितलं. संध्याकाळी ती ओळ आली तेव्हा त्यांनी माझ्या दंडाला नुसता हात लावला. एकदा तालीम ऐकली की मैफल दुप्पट कळते.

तालमीला येताना टोपी हवी. दुपारी खुर्च्यांवर सरळ ऊन येतं.

9. पाऊस आला तर

मंचावर छप्पर आहे, श्रोत्यांवर नाही. रिमझिम असेल तर मैफल चालू राहते, म्हणून छत्रीऐवजी रेनकोट न्या. छत्रीमुळे मागच्यांना दिसत नाही. विजा चमकायला लागल्या तर मात्र पार्क रिकामं करायला सांगतात. तेव्हा झाडाखाली थांबायचं नाही, सांगतील तिकडे, इमारतीत किंवा खालच्या वाहनतळात जायचं. कुटुंब मोठं असेल तर चुकामूक झाल्यास कुठे भेटायचं ते आल्याबरोबर ठरवा. हजारो माणसं एकदम हलतात आणि फोन लागत नाहीत.

आकाश स्वच्छ असेल आणि बुधवार असेल, तर मैफलीनंतर पूर्वेला सरोवराकडे चालत जा. उन्हाळ्यात नेव्ही पिअर या सरोवरातल्या धक्क्यावर बुधवारी आणि शनिवारी रात्री आतषबाजी असते, तीही फुकट.

10. घराजवळची बाग

दर आठवड्याला शहराच्या मध्यापर्यंत जाणं जमत नाही. शहरातल्या बागा सांभाळणाऱ्या शिकागो पार्क डिस्ट्रिक्टकडे 600 हून अधिक बागा आहेत आणि 'नाइट आउट इन द पार्क्स' या उपक्रमात उन्हाळाभर वस्त्यांमधल्या बागांत नाटक, नाच, संगीत, सिनेमा आणतात. उपनगरांत तिथल्या पार्क डिस्ट्रिक्टचं उन्हाळी पत्रक घरी येतं, ते रद्दीत टाकू नका. नेपरव्हिलच्या सेंट्रल पार्कमध्ये तिथला म्युनिसिपल बँड उन्हाळ्यात फुकट वाजवतो. हा बँड 1859 पासूनचा आहे. मुलं गवतावर पळत असतात, आजी-आजोबा घडीच्या खुर्च्यांवर असतात, आणि इथेच शेजाऱ्यांशी खरी ओळख होते. नव्या गावात आलेल्या कुटुंबाला ओळखी हव्या असतील, तर मोठ्या महोत्सवापेक्षा ही छोटी बाग जास्त उपयोगी पडते.

11. सप्टेंबरमधली एक रात्र राखून ठेवा

मोसम संपत आला की वर्ल्ड म्युझिक फेस्टिव्हल येतो. त्यात 2013 पासून 'रागमाला' नावाची भारतीय शास्त्रीय संगीताची रात्रभराची मैफल सुरू झाली. ती बागेत नसते, मिलेनियम पार्कसमोर रस्ता ओलांडून शिकागो कल्चरल सेंटरमध्ये, टिफनी काचेच्या भल्यामोठ्या घुमटाखाली होते. संध्याकाळी सुरू होऊन दुसऱ्या दिवशी सकाळी संपते, आणि पूर्ण फुकट. पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाच्या रात्र-रात्र चालणाऱ्या बैठका ध्वनिक्षेपकाच्या वेळमर्यादेमुळे थांबल्या. तेव्हापासून पहाटेचे राग पहाटेच, समोर बसून ऐकायची संधी आपल्याकडेही दुर्मिळ झाली आहे. इथे ती मिळते.

त्या वर्षीच्या कार्यक्रमात रागमाला आहे का, हे ऑगस्टमध्येच पाहून ठेवा. रात्रभर थांबणार असाल तर उशी आणि शाल न्या. मध्यरात्रीनंतर गर्दी ओसरते, तेव्हा पुढे सरकायला जागा मिळते. परतीला शनिवार-रविवारची सकाळची पहिली मेट्रा किती वाजता आहे ते आधी पाहा, म्हणजे भैरव अर्धवट सोडून उठावं लागणार नाही.